रणगाड्याची ऊब आणि लपण्याची शिस्त

१९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईत ऊस भारतीय लष्कराच्या बाजूने उभा होता. सेंच्युरियन आणि शर्मन रणगाडे उभ्या पिकात दबा धरून बसले होते. शेतांत पाणी भरले होते. खेमकरणकडून आलेले पाकिस्तानी पॅटन रणगाडे चिखलात रुतत रुतत भारतीय तोफांच्या टप्प्यात आले. पुढे लष्करप्रमुख झालेले अरुणकुमार वैद्य तेव्हा डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व करत होते, आणि अब्दुल हमीद उसाच्या आडून जीपवरची तोफ चालवत होते. सहा वर्षांनी लोंगेवालात मात्र निसर्गाने पलीकडची बाजू घेतली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे अंधारातून पुढे सरकत राहिले, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लक्ष्य दिसत नव्हते. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीला पहाटेपर्यंत तग धरावा लागला. उजाडल्यावर उघड्या वाळवंटात त्याच रणगाड्यांना लपायला जागा उरली नाही.

पीक आणि अंधार ही चिलखती दलाची दोन जुनी आश्रयस्थाने. थर्मल कॅमेऱ्याने अंधाराचा आश्रय जवळजवळ काढून घेतला आणि पिकाचा अर्ध्यावर आणला. उसाची दाट पाने उष्णतेचे किरणही अडवतात, त्यामुळे बाजूने पाहणाऱ्याला आत दडलेला रणगाडा आजही सहज दिसणार नाही. पण डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला त्याच्या इंजिनावरचे तापलेले झाकण दिसते. म्हणून लष्करी वाहने उष्णतेच्या नजरेपासून कशी लपवायची, हा आज तंत्रज्ञांपुरता प्रश्न राहिलेला नाही. आत बसलेल्या तिघा-चौघा जवानांच्या जिवाचा तो प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो, असे मला वाटते. चांगली जाळी, चांगला रंग, चांगले आवरण विकत घेतले की काम झाले, अशी समजूत त्यामागे आहे. उष्णतेपासून लपणे ही खरेदीने संपणारी बाब नाही. ती रोज पाळायची शिस्त आहे, आणि त्या शिस्तीचे ध्येय अदृश्य होणे हे नसून शत्रूची खात्री पटू न देणे हे आहे.

हे पटण्यासाठी आधी उष्णतेचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. १८०० साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाशाचे रंग लोलकाने वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे तापमापक ठेवला. पारा चढला. अवरक्त किरणांची ओळख माणसाला अशी झाली. नंतरच्या शतकात कळले की प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार किरण सोडत असते, आणि हे उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. २७ अंश सेल्सिअसला आदर्श पृष्ठभागाचा एक चौरस मीटर सुमारे ४६० वॉट सोडतो. तोच १२७ अंशांवर गेला की हा आकडा तिपटीहून जास्त होतो. हवा यांतले बरेचसे किरण शोषून घेते, पण ३ ते ५ मायक्रॉन आणि ८ ते १४ मायक्रॉन या दोन पट्ट्यांतले किरण बऱ्यापैकी मोकळे जाऊ देते. नेहमीच्या तापमानाच्या वस्तूंचे उत्सर्जन १० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते, म्हणजे दुसऱ्या पट्ट्यात. तापलेला एक्झॉस्ट पहिल्या पट्ट्यात ठळक दिसतो. दिवस असो वा रात्र, निसर्गाने या दोन वाटा उघड्या ठेवल्या आहेत.

या वाटांवर डोळा ठेवणारे यंत्र बनवायला वेळ लागला. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या माल्व्हर्न येथील संशोधकांनी पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचे संयुग शोधले आणि संवेदनशील शोधक शक्य झाले. पण ते कमालीचे थंड ठेवावे लागत. यंत्रणा जड होती, महाग होती, आणि मोजक्या श्रीमंत सैन्यांकडेच होती. त्याचा परिणाम १९९१ च्या आखाती युद्धात दिसला. इराकी सैनिकांनी आपले रणगाडे वाळूत पुरून ठेवले होते. डोळ्यांपासून लपण्याची ती योग्य पद्धत होती. पण संध्याकाळी वाळू लवकर निवते आणि चाळीस टन पोलाद सावकाश. रात्री एफ-१११ विमानांच्या कॅमेऱ्यांत ते पुरलेले रणगाडे उजळून निघाले, आणि एकेका रणगाड्यावर एकेक लेसर-मार्गदर्शित बाँब पडू लागला. २६ फेब्रुवारीला ‘७३ ईस्टिंग’ या लढाईत तर वाळूच्या वादळात अमेरिकी एम१ए१ रणगाड्यांनी इराकी टी-७२ रणगाडे आधी पाहिले आणि आधी टिपले. एच. आर. मॅकमास्टर यांच्या तुकडीने २३ मिनिटांत समोरची फळी मोडली. चिलखत आणि तोफ यांइतकाच तो निकाल नजरेने लावला होता.

त्यानंतरचा बदल अधिक खोलवर जाणारा आहे. थंड ठेवण्याची गरज नसलेले सूक्ष्म शोधक अमेरिकेत १९८० च्या दशकात गुप्तपणे विकसित झाले आणि १९९० च्या दशकात खुले झाले. मग हे कॅमेरे अग्निशमन दलाकडे आले, विजेच्या जोडण्या तपासणाऱ्यांकडे आले. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात विमानतळांवर ताप तपासायला आपण त्यांच्यासमोरून गेलो. आज सुमारे अंशाच्या विसाव्या भागाएवढा फरक टिपणारा कॅमेरा बाजारातल्या लहान ड्रोनवर बसतो. युक्रेनमध्ये २०२२ पासून दोन्ही बाजूंचे सैनिक असे ड्रोन रोज वापरत आहेत. त्याआधी २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानच्या बायरक्तार ड्रोननी आर्मेनियाचे खंदकात उभे केलेले रणगाडे वरून टिपले. त्यांवरचे कॅमेरे कॅनडात बनलेले होते, आणि त्या वापराची चौकशी करून कॅनडाने एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे निर्यात परवाने रद्द केले. समोरून येणाऱ्या शत्रूसाठी खणलेला खंदक वरून पाहणाऱ्याला अडवू शकला नाही. ज्या नजरेवर एके काळी मोजक्या देशांची मक्तेदारी होती, ती आता जवळजवळ सगळ्यांकडे आहे.

मग रणगाडा थंड का ठेवता येत नाही? कारण तो उष्णता निर्माण करणारे यंत्र आहे. टी-९० चे इंजिन १००० अश्वशक्तीचे आहे, म्हणजे साधारण ७४५ किलोवॅट. डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचाच भाग कामाला लावते. उरलेला भाग उष्णता होतो. म्हणजे हे इंजिन पूर्ण ताकदीने चालत असताना एक हजार किलोवॅटहून जास्त उष्णता बाहेर टाकते, जणू घरातले पाचशेहून अधिक गीझर एका पोलादी पेटीत एकाच वेळी चालू आहेत. ही उष्णता नाहीशी करण्याचा मार्ग विज्ञानात नाही. ती एका जागेवरून दुसरीकडे नेता येते, पसरवता येते, काही काळ साठवता येते, थंड हवेत मिसळून सोडता येते. याशिवाय ऊन पिऊन तापलेले छत, घर्षणाने तापलेली चाके आणि पट्टे, गोळे डागून तापलेली तोफेची नळी आहेच. गाडी निघून गेल्यावरही पट्ट्यांनी दाबलेली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळ्या गतीने तापते आणि निवते, आणि ती खूण बराच वेळ राहते.

दुसरा उपाय म्हणजे उष्णता तशीच ठेवून तिचे किरण कमी करणे. चकाकत्या ॲल्युमिनियमची उत्सर्जनक्षमता ०.०५ च्या आसपास असते, तर साध्या रंगाची ०.९ च्या आसपास. त्यामुळे कमी उत्सर्जनाच्या लेपाने झाकलेली गरम वस्तू कॅमेऱ्यात थंड दिसते. इथेच पुष्कळांची फसगत होते. जो पृष्ठभाग कमी सोडतो तो जास्त परावर्तित करतो. स्वच्छ कोरड्या रात्री मोकळे आकाश या तरंगलांबीत शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानाचे दिसते. वरच्या बाजूचा लेप ते आकाश परत पाठवतो, आणि उबदार वाळूवर उभा असलेला रणगाडा कॅमेऱ्यात आजूबाजूपेक्षा काळा ठिपका बनतो. गरम दिसण्याइतकेच जास्त थंड दिसणे घातक आहे. म्हणून लपण्याची खरी कसोटी गाडीच्या तापमानात नसून गाडी आणि तिची पार्श्वभूमी यांतल्या फरकात आहे.

पार्श्वभूमी मात्र कधीच स्थिर नसते. राजस्थानच्या वाळूचा पृष्ठभाग उन्हाळ्यात दुपारी साठ अंशांच्या पुढे जातो आणि रात्री झपाट्याने उतरतो. झाडांची पाने पाणी बाहेर टाकत असल्याने हवेच्या तापमानाच्या जवळ राहतात. खडक दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवतो. सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळ असा येतो की गाडी आणि जमीन यांचे तापमान जवळपास सारखे होते आणि कॅमेऱ्यातला फरक विरघळतो. ती वेळ ऋतूप्रमाणे, ढगांप्रमाणे, वाऱ्याप्रमाणे सरकते. पूर्व लडाखमध्ये २०२० पासून आपले टी-७२ आणि टी-९० रणगाडे तैनात आहेत. तिथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली तीस अंशांपर्यंत जाते, आणि इंजिन गोठू नये म्हणून ते अधूनमधून चालवावे लागते. गोठलेल्या, उघड्या, झाडाविना पठारावर गरम इंजिन. फरक सर्वाधिक, आडोसा सर्वांत कमी. जोधपूरच्या वाळूसाठी बनवलेले आवरण तिथे उपयोगी पडेल असे समजणे धोक्याचे आहे.

म्हणूनच मी शिस्तीवर भर देतो. उष्णतारोधक जाळी पोलादाला चिकटली तर थोड्याच वेळात तीही गरम होते. तिच्या आणि गाडीच्या मध्ये हवा खेळती राहायला हवी. ती जाळी कशी टाकायची, कुठे टेकवायची, फाटली तर कशी सांधायची, निघताना किती सेकंदांत काढायची, हे हाताला सरावाने येते. स्वीडनमधल्या साब कंपनीचे बाराकुडा आवरण, रशियाचे नाकिद्का आवरण, आपल्याकडे जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेचे या क्षेत्रातले काम, हे सगळे प्रयत्न मोलाचे आहेत. पण आवरणाखाली उभ्या गाडीचे मुख्य इंजिन रेडिओ आणि दृश्ययंत्रे चालवण्यासाठी रात्रभर सुरू राहिले, तर आवरणाची किंमत वाया गेली. त्यासाठी लहान सहायक जनरेटर लागतो आणि तो वापरण्याची सवय लागते. सूर्य कोणत्या बाजूने चढणार हे पाहून गाडी उभी करणे, इंजिनाचा भाग झाडाच्या दाट बाजूला ठेवणे, आधीच्या गाडीच्या खुणेवरूनच पुढे जाणे, यांतली कोणतीही गोष्ट दुकानात मिळत नाही.

‘अदृश्य रणगाडा’ ही कल्पना मोहक आहे. २०११ मध्ये बीएई सिस्टिम्सने स्वीडनमध्ये विकसित केलेली ॲडॅप्टिव्ह ही यंत्रणा दाखवली. सीव्ही-९० या चिलखती वाहनाच्या अंगावर सुमारे १४ सेंटिमीटरच्या षट्कोनी फरशा बसवल्या होत्या. प्रत्येक फरशी विजेने झटपट गरम किंवा थंड होऊ शकत होती. वाहनावरचे कॅमेरे पार्श्वभूमी टिपत आणि फरशा तिचा नमुना अंगावर उमटवत. ती यंत्रणा उष्णतेच्या चित्रात वाहनाला गाईचा किंवा मोटारीचा आकारही देऊ शकत होती. हे उत्तम अभियांत्रिकी काम आहे. तरीही एवढी वर्षे उलटून ते सैन्यांत सर्रास दिसत नाही, याला कारणे आहेत. फरशांना वीज लागते, त्या फुटतात, वजन वाढते, आणि फरशीने एका बाजूची उष्णता कमी केली तरी ती दुसरीकडे सोडावीच लागते. शिवाय मोटारीचा आकार घेण्यात एक नैतिक खाच आहे. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचे कलम ३७ छद्मावरण आणि फसवी लक्ष्ये यांना युद्धातली मान्य चलाखी मानते, पण नागरिक असल्याचे भासवून शत्रूला मारणे निषिद्ध ठरवते. भारत या प्रोटोकॉलचा पक्षकार नाही. तरी त्यातले तत्त्व आपण जपावे असे मला मनापासून वाटते. रणगाडा मोटारीसारखा दिसू लागला की ड्रोन चालवणाऱ्याला प्रत्येक मोटार रणगाडा वाटू लागेल, आणि त्याची किंमत सीमेवरच्या गावांतली माणसे मोजतील. आपण जमीन, झुडूप, खडक व्हावे. कुणाचे घर किंवा गाडी होऊ नये.

मग पूर्ण अदृश्य होता येत नसेल तर काय साधायचे? याचे उत्तर १९५८ मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकी संशोधकाने मांडलेल्या निकषांत सापडते. पाहणाऱ्याचे काम त्याने पायऱ्यांत मोजले: काहीतरी आहे हे कळणे, ते कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखणे, आणि नेमके कोणते आहे हे ठरवणे. पहिल्या पायरीला चित्रातला तपशील थोडा पुरतो. नेमकी ओळख पटवायला त्याच्या कितीतरी पट लागतो. छद्मावरणाची खरी रणभूमी या पायऱ्यांच्या मधली आहे. शत्रूला गरम ठिपका दिसला तर दिसू द्यावा. तो रणगाडा आहे, ट्रक आहे, जनरेटर आहे की फसवे लक्ष्य, हे ठरवायला त्याला जवळ यावे लागेल, जास्त वेळ घिरट्या घालाव्या लागतील, दुसरा ड्रोन बोलवावा लागेल. त्या मिनिटांत गाडी हलू शकते, हवाई संरक्षण काम करू शकते, ड्रोनची बॅटरी संपू शकते.

याच कारणासाठी फसव्या लक्ष्यांना मी दुय्यम मानत नाही. १९४२ मध्ये अल् अलामेनच्या आधी ब्रिटिशांनी रणगाड्यांवर ट्रकचे खोटे सांगाडे चढवले आणि जर्मनांना हल्ल्याची दिशा कळू दिली नाही. १९९९ मध्ये कोसोव्होत नाटोने ७८ दिवस बाँबहल्ले केले, आणि किती सर्बियन रणगाडे खरोखर नष्ट झाले यावर नंतर मोठा वाद झाला, कारण हल्ल्यांत खोटी लक्ष्येही सापडली होती. आज खोट्या रणगाड्याला आकाराबरोबर ऊबही द्यावी लागते, आणि तीही योग्य जागी. एका खऱ्या गाडीभोवती अशी स्वस्त लक्ष्ये असली की शत्रूच्या महागड्या शस्त्रांचा हिशोब बिघडतो.

काही जाणकार म्हणतात की ड्रोनच्या काळात रणगाड्याचे दिवसच भरले, मग त्याला लपवण्यावर पैसा का घालवायचा? मला हे पटत नाही. रणगाडा नसला तरी तोफा, रसदीचे ट्रक, रुग्णवाहिका, संपर्काची वाहने असणारच, आणि तीही गरम असणार. दुसरा आक्षेप असा की ड्रोन पाडणारी किंवा जॅम करणारी यंत्रणा पुरेशी आहे. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवर ड्रोनच्या लाटा आल्या तेव्हा आपल्या हवाई संरक्षणाने त्या मोठ्या प्रमाणात थोपवल्या, हे खरे. पण जी गाडी उशिरा ओळखली जाते तिच्यावर कमी शस्त्रे येतात, आणि कमी शस्त्रे थोपवणे कोणत्याही यंत्रणेला सोपे जाते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: संगणक आता ठिपक्यांवरून गाड्या ओळखू लागले आहेत, आणि रडार, साधा कॅमेरा, थर्मल कॅमेरा यांची माहिती एकत्र जुळवली जाते. याचा अर्थ एका नजरेपासून लपणे आता पुरेसे नाही. जाळीने रडारलाही गोंधळात टाकले पाहिजे, खुणा झाकल्या पाहिजेत, रेडिओ गप्प राहिला पाहिजे. काम वाढले आहे, निरर्थक झालेले नाही.

भारतासाठी यातून ठोस कामे निघतात. प्रत्येक चिलखती तुकडीकडे स्वतःचा थर्मल ड्रोन असावा आणि दर सरावात तिने आधी स्वतःच्याच गाड्या वरून पाहाव्यात. आपली गाडी रात्री दोन वाजता कशी दिसते हे ज्या चालकाने पाहिले, त्याला इंजिन बंद ठेवण्याचा आदेश समजावून सांगावा लागणार नाही. राजस्थान, पंजाब, जम्मू आणि लडाख यांची वेगवेगळ्या ऋतूंतली उष्णताचित्रे पद्धतशीर गोळा व्हावीत; परदेशी आवरण त्या मोजमापांवर पारखल्याशिवाय घेऊ नये. लडाखसाठी बनवलेल्या झोरावरसारखे पुढचे हलके रणगाडे आराखड्याच्या टप्प्यावरच या कसोटीला लावावेत, कारण एक्झॉस्ट कुठे सोडायचा हे नंतर बदलणे अवघड असते. आणि या सगळ्याचे शिक्षण अधिकाऱ्यांपुरते न राहता चालक आणि गनरपर्यंत पोहोचावे. अहिल्यानगरला, जुन्या अहमदनगरला, चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशिक्षण शाळा आहे, आणि वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई प्रयोगशाळाही तिथेच आहे. गाडी चालवायला शिकणारे आणि गाडी घडवणारे इतक्या जवळ असणे ही मोठी सोय आहे. जाळीखाली रात्र काढणाऱ्या जवानाचा अनुभव संशोधकाच्या टेबलावर थेट पोहोचवण्याची व्यवस्था तिथून सुरू व्हावी.

संरक्षणाच्या खर्चावर बोलताना आपण क्षेपणास्त्रे, विमाने, तोफा मोजतो. जाळीच्या दोऱ्या, सहायक जनरेटर, खोटे रणगाडे आणि सरावाचे तास यांचा उल्लेख क्वचितच होतो. या गोष्टी संचलनात झळकत नाहीत आणि त्यांचे यश कधी बातमी होत नाही, कारण जी गाडी ओळखली गेली नाही तिच्यावर हल्लाच होत नाही. पण युद्धातून परतणाऱ्या जवानांची संख्या अशाच गोष्टींवर ठरते. ज्या देशाने आपली तरुण मुले त्या पोलादी पेटीत बसवली आहेत, त्याने हा खर्च शेवटी उरलेल्या पैशांतून न करता आधी बाजूला काढला पाहिजे.